शेंद्र्याची आरएस, पिंपळनेरचा मिस्त्री

पिंपळनेरहून नवापूरला जाणारा रस्ता चरणमाळ घाटातून खाली उतरतो. २०१९ च्या मे महिन्यात एका दुपारी नवापूरहून परतताना याच घाटाच्या चढणीवर माझ्या गाडीच्या तापमानाची सुई नव्वदवरून पुढे सरकली. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर नव्हता की मागून कोणी हॉर्न देत नव्हते. घाई फक्त माझी होती. ‘माथा आला की उतरेल,’ असे मनाशी म्हणत मी आणखी एक वळण घेतले. मग मात्र गाडी कडेला घेतली. ते एक वळण महाग पडले असते. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

गाडी होती २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला आणि २००४ मध्ये आरएस बाजारात आली. आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. दिसायला चार दारांची, पोराबाळांना घेऊन लग्नाला जाता येईल अशी घरगुती गाडी; पण बॉनेटखाली टर्बो लावलेले १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि दीडशे अश्वशक्ती. आमच्या घरी त्याआधी प्रीमियर पद्मिनी होती. तिचे १०८९ सीसीचे इंजिन याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही ताकद देत नसे. पद्मिनी कुर्ल्याची, आरएस शेंद्र्याची. दोन्ही महाराष्ट्रात जुळलेल्या, पण दुरुस्तीच्या दृष्टीने दोन वेगळ्या युगांतल्या.

पद्मिनी बिघडली की बिघाड डोळ्यांना दिसे. कार्बोरेटरमध्ये कचरा, पॉइंट जळालेले, पेट्रोलपंपाचा पडदा फाटलेला. साक्रीपासून सटाण्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात ती बरी होई. आरएसमध्ये तिथे संगणक बसला. म्हणून अनेकांचा समज असा, की अशी गाडी तालुक्याच्या गावात सांभाळताच येत नाही. बारा वर्षांच्या अनुभवावरून मी म्हणेन, की हा समज अर्धाच खरा आहे. संगणक बिघडतो क्वचित. बिघडते ते रबर, प्लास्टिक, तेल आणि पाणी.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण घाटात दगा दिला तो पाण्याने. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे. अॅल्युमिनियम उष्णतेने जास्त फुगते. इंजिन बेसुमार तापले तर हेड वाकते, गॅस्केट जाते आणि खर्च गाडीच्या किमतीपर्यंत पोहोचतो. चढणीवर इंजिनावर भार जास्त, टर्बो पूर्ण जोरात, आणि गाडीचा वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा थोडा. अशा वेळी कूलंटमध्ये खोट असेल तर ती उघडी पडते. बंद यंत्रणेतला दाब वाढलेला असल्याने कूलंट शंभर अंशांवरही उकळत नाही; सव्वाशेच्या आसपास उकळते. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडायचे नसते. दाब गेला की ते त्याच क्षणी उकळून अंगावर येते. मी अर्धा तास थांबलो, झाकणाला हात लावला नाही, वरून गार पाणी ओतले नाही. हेड वाचले.

पिंपळनेरात आमच्या मिस्त्री आप्पांनी टाकी उघडून बोट बुडवले. बोटाला तपकिरी चिखल लागला. मला म्हणाले, “भाऊ, इंजिन खराब नई शे, पानी खराब शे.” चूक माझीच होती. या गाडीत गुलाबी कूलंट असते. आदल्या वर्षी पातळी कमी दिसली म्हणून मी घरातले हिरवे कूलंट आणि वर बोअरचे पाणी घातले होते. दोन रंगांची रसायने वेगळी. ती मिसळली की गंज रोखण्याचे काम थांबते आणि गाळ धरतो. बोअरच्या जड पाण्याचा क्षार वेगळाच, चहाच्या पातेल्यात बसतो तसा तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आप्पांनी बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने यंत्रणा पाच वेळा धुतली, तेव्हा कुठे पाणी स्वच्छ आले.

त्याच वेळी टायमिंग बेल्टचा प्रश्न निघाला, कारण या इंजिनात पाण्याचा पंप याच बेल्टवर फिरतो. प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन आत घेणारे आणि दोन बाहेर सोडणारे, एकूण वीस. पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह मिटलेले असावेत, हा ताळमेळ दातेरी रबरी बेल्ट राखतो. चालत्या गाडीत तो तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. मी किलोमीटर मोजत होतो, वर्षे नाही. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते, आणि खानदेशातल्या उन्हात लवकर होते. म्हणून जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याचा लेखी पुरावा नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरावे. बेल्ट, ताण देणारी पुली आणि पंप एकदमच बदलावेत. मजुरी तीच लागते.

टर्बोची गोष्ट तेलाची आहे. धुरांड्यातून जाणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर एक छोटे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र इंजिनात हवा कोंबते. हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. घाट चढून आल्याबरोबर किल्ली फिरवून इंजिन बंद केले, की तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल जळून कोळसा होते. एकदोन मिनिटे गाडी चालू ठेवून उभी राहिली की हे टळते. तेल सिंथेटिक आणि कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच घालावे. मी ते आठ हजार किलोमीटरला बदलतो.

आता संगणक. २०२१ मध्ये इंजिनाचा दिवा लागला. शहरातल्या एका गॅरेजने न उघडताच टर्बो बदलायला सांगितले. आकडा ऐकून गाडी भंगारात द्यावी असे घरात ठरत आले होते. मी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला केबल लावून लॅपटॉपवर संकेत वाचला: पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. संकेत लक्षण सांगतो, रोग नाही. जोर दिला की मात्र मागून काळा धूर येई, म्हणजे पेट्रोल जास्त. ही विसंगतीच उत्तर होती. आत जाणारी हवा एक सेन्सर मोजतो. त्याच्या पुढच्या पाइपला चीर असेल, तर इंजिन सावकाश चालताना न मोजलेली हवा आत ओढली जाते. आणि टर्बोचा दाब चढला की मोजलेली हवा त्याच चिरेतून बाहेर पळते. एकच चीर, दोन उलटी लक्षणे.

चीर शोधली आप्पांनी, पंक्चर काढण्याच्या रीतीने. हवेच्या मार्गाचे तोंड बंद करून त्यात टायरच्या पंपाने वातावरणापेक्षा अर्धा पट जादा दाब भरला आणि पाइपांवर साबणाचे पाणी शिंपडले. मॅनिफोल्डखालच्या हाताच्या बोटाएवढ्या रबरी नळीवर बुडबुडे आले. टर्बो धडधाकट होता. नळीवरचा क्रमांक ०६ए ने सुरू होत होता. हेच इंजिन फोक्सवॅगन आणि ऑडीच्या त्या काळच्या इतर गाड्यांतही असल्याने त्या क्रमांकाचा भाग मिळणे अवघड गेले नाही. जुन्या गाडीवाल्याने गाडीच्या नावाने नव्हे, भागाच्या क्रमांकाने बाजारात फिरावे.

अलीकडे चिंता इथेनॉलची आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. त्यात पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, ते हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा विचार न करता बनवलेल्या जुन्या रबराला ते सोसत नाही. म्हणून मी इंधनाच्या नळ्या बदलून घेतल्या, आणि टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवत नाही.

नोंदणीची पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागते. गेल्या वेळी घरात पुन्हा विचारले गेले, की हा खर्च कशासाठी? हिशेबाने पाहिले तर उत्तर अवघड आहे. पण आप्पांच्या गॅरेजात आता त्यांचा पुतण्या केबल लावून संकेत वाचतो, आणि साबणाच्या पाण्याची बाटली आप्पांच्याच हातात असते. पद्मिनीच्या काळातले हाताचे शहाणपण आणि आजची केबल पिंपळनेरात एका गाडीपाशी भेटली. तपासणीला जाण्याआधी आप्पांनी टाकीचे झाकण उघडले, बोट बुडवले आणि मला दाखवले. बोट गुलाबी होते.