आवाज चढायच्या आधी

सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत संध्याकाळी एका अपघातग्रस्तामागून दहा-बारा माणसं आत घुसतात. समोर असतो पंचविशीतला निवासी डॉक्टर, कालपासून ड्यूटीवर. ठिणगी या दोघांत पडते आणि ती विझवायची असते परिसेविकेला, म्हणजे इन्चार्ज सिस्टरला. अशा एका सिस्टरच्या मागे राहून मी तिचं काम पाहिलं. त्यातलं बहुतेक काम कुणाचा आवाज चढायच्या आधीच उरकलेलं असतं.

स्ट्रेचर थांबायच्या आत ती विचारते, "जवळचं कोण? भाऊ का? दादा, तुम्ही इथेच थांबा. काय असेल ते मी तुम्हालाच सांगणार." मग एकाला केसपेपर काढायला धाडते, दुसऱ्याला रक्तपेढीत. नुसतं ताटकळत ठेवलेला माणूस तिला सगळ्यात धोक्याचा वाटतो. म्हणून दर थोड्या वेळाने ती बाहेर येते. नवं काही नसलं तरी, "एक्स-रे व्हायचाय अजून," एवढं सांगून जाते.

तरी एकाने टेबलावर हात आपटलाच. सिस्टर त्याच्या समोर न जाता बाजूला उभी राहिली, दाराची वाट मोकळी ठेवून. डॉक्टरला म्हणाली, "सर, चार नंबरला बघता का?" (चार नंबरची खाट रिकामी होती.) नजरेची खूण होताच वॉर्डबॉय मामांनी सलाइनचा लोखंडी स्टँड मागे सरकवला. सुरक्षारक्षक दिसेल असा, पण दाराबाहेरच. 'शांत व्हा' असं ती एकदाही म्हणाली नाही. हळू आवाजात तिने विचारलं, "कधी आलात तुम्ही? कुठून आणलंत यांना?" तो सांगू लागला आणि सांगता सांगता खाली बसला.

मृत्यूची बातमी ती कॉरिडॉरमध्ये सांगू देत नाही. आधी घरच्यांना बसवायचं, बरोबर वरिष्ठ डॉक्टर घ्यायचा, आणि मोघम न बोलता 'गेले' असं स्पष्ट सांगायचं.

रुग्णालयांतल्या हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तरीही मार्च 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाली, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुणीची हत्या झाल्यानंतर, ऑगस्ट 2024 मध्ये, केंद्राने संस्थाप्रमुखांवर सहा तासांत गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी टाकली. ते योग्यच झालं. मार खाल्लेल्या पोराने एकट्याने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या का चढाव्यात? पण हे सगळं मारहाणीनंतरचं.

मारहाणीआधीचं काम करणारी इन्चार्ज सिस्टर रात्री नसते. मी पाहिलेल्या रुग्णालयात तेव्हा सगळ्या इमारतीला मिळून एकच नाइट सुपरवायझर असते. ती तिसऱ्या मजल्यावर असताना खाली टेबलावर हात आपटला, तर तिथे फक्त तो डॉक्टर आणि एक नवखी सिस्टर. म्हणून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची पुढची निविदा काढण्याआधी कॅज्युअल्टीला रात्रीची स्वतंत्र इन्चार्ज द्या.