आरोग्याच्या आकड्यांना गावाचा पत्ता हवा

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात शिरतो, तेथून पुढे गाव कोठे संपते आणि शहर कोठे सुरू होते हे सांगणे कठीण होते. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिकरापूर, रांजणगाव ही सारी सरकारदप्तरी गावेच आहेत. प्रत्यक्षात तेथे कारखाने आहेत, गोदामे आहेत आणि परप्रांतांतून आलेल्या कामगारांनी भरलेल्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. भीमेच्या पलीकडील दौंड तालुक्याची कथा फारशी निराळी नाही. रेल्वेचे मोठे जंक्शन, कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची वसाहत, उसाचे मळे, आणि गळीत हंगाम आला की शेताच्या कडेला उभ्या राहणाऱ्या ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या, असे या तालुक्याचे रूप आहे. दोन्ही तालुक्यांचे राहणीमान बदलले, त्याबरोबर आजारही बदलले. ते मोजण्याची आणि मांडण्याची रीत मात्र जुनीच राहिली.

2011 च्या जनगणनेत शिरूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे 3 लाख 85 हजार आणि दौंडची सुमारे 3 लाख 80 हजार होती. 2021 मध्ये व्हावयाची जनगणना लांबणीवर पडली आणि पुढची 2027 साठी ठरली. सपाटीच्या प्रदेशात 30 हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 5 हजारांमागे एक उपकेंद्र, हा शासनाचा दंडक आहे. परंतु वस्ती किती हेच जेथे अंदाजाने ठरवावे लागते, तेथे दंडकाचा आधार तो काय उरणार? 2013 मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान मुख्यतः 50 हजारांवरील वस्तीच्या शहरांसाठी आखले गेले. दौंड शहर 2011 मध्ये त्या मर्यादेच्या उंबरठ्याशी होते, शिरूर शहर बरेच खाली होते, आणि शिकरापूर-सणसवाडीसारखी गावे तर या हिशेबात येतच नव्हती. नागरी आजार आणि ग्रामीण दप्तर अशा कात्रीत ही वस्ती सापडली आहे.

आकड्यांचा तुटवडा नाही

याचा अर्थ माहिती गोळा होत नाही असा मात्र नाही. आशा कार्यकर्ती दारोदार जाऊन गरोदर माता, नवजात बालके, तापाचे रुग्ण यांची नोंद करते. उपकेंद्रातील परिचारिका ती प्राथमिक आरोग्य केंद्राकडे देते, तेथून ती तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला आणि पुढे 2008 पासून चालू असलेल्या केंद्र शासनाच्या आरोग्य माहिती प्रणालीत जाते. क्षयरोगाची नोंद निराळ्या संगणकीय खात्यात होते, लसीकरणाची आणखी निराळ्या. वर जाणारी ही वाट रुंद आहे. खाली येणारी मात्र जवळजवळ नाहीच. ज्या गावाने आकडा दिला त्या गावाला तो पुन्हा दिसत नाही, आणि दिसला तरी जिल्ह्याच्या सरासरीत विरघळलेला दिसतो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे जिल्ह्यापर्यंतच मिळतात. मुळशीचा डोंगर, पुण्याची पेठ आणि दौंडची रेल्वे वसाहत या सर्वांना मिळून एकच टक्केवारी! अशा टक्केवारीवरून मंत्रालयात धोरण आखता येत असेल; पण कुरकुंभजवळच्या वाडीत बालकांसाठी काम करणाऱ्या चार माणसांच्या संस्थेने उद्या सकाळी कोणत्या दारात जावे, हे तिला कळत नाही.

वस्तुतः पाहणीचे काम निष्ठेने केले तर काय साधते, याचा धडा याच शिरूर तालुक्यात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले आणि गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. 1993 मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच पायावर 2002 पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतील 22 गावांत जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची घरोघर, ठरावीक काळाने नोंद ठेवली जात आहे. जगभरच्या संशोधकांना या नोंदींचे मोल ठाऊक आहे. परंतु असा लाभ त्या 22 गावांना लाभला; भीमेपलीकडच्या दौंडला आणि शिरूरच्या उरलेल्या गावांना तो कोण देणार?

नकाशा काय करतो

येथे नकाशाचा प्रश्न येतो. 1854 मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले आणि ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपाभोवती दाटलेले आहेत हे दाखवून दिले. ही कथा विद्यार्थ्यांना पाठ असते. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र क्वचित सांगितला जातो. तेथील धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड प्रथम स्नो यांच्या मताविरुद्ध होते. त्यांना वस्तीतले घरन् घर परिचयाचे होते. त्यांनी दारोदार केलेल्या चौकशीनेच अखेर तो निष्कर्ष भक्कम झाला. नकाशा नुसता काढून भागत नाही. त्या जागेची ओळख असलेला माणूस त्यापाशी बसावा लागतो.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशयितांची संख्या दोनशेपलीकडे गेली. रुग्णांचे पत्ते एकत्र पाहताच नांदेड, किरकटवाडी, धायरी हा पट्टा डोळ्यांत भरला आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे, विशेषतः नांदेड गावाच्या विहिरीकडे वळली. यातील नांदेड आणि किरकटवाडी ही गावे 2021 मध्येच महापालिकेत आली होती. वस्ती शहराची आणि पाणीपुरवठा गावाचा, ही जी अवस्था तेथे होती, तीच आज शिकरापूर आणि सणसवाडीच्या दाराशी उभी आहे. तेथे रुग्ण वाढल्यावर नकाशा काढावयाचा की आधीच काढून ठेवावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

आंतरजालावरील नकाशाने हे काम आवाक्यात आणले आहे. 2021 मध्ये केंद्र शासनाने नकाशांवरील बरेचसे जुने निर्बंध उठवले. इस्रोचे ‘भुवन’ आणि लोकसहभागातून घडलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ यांचा वापर सामान्य माणसालाही करता येतो. पुण्यातील ‘शेल्टर असोसिएट्स’ या संस्थेने 1990 च्या दशकापासून झोपडवस्त्यांची पाहणी रहिवाशांना बरोबर घेऊन केली, ती नकाशावर मांडली आणि कोणत्या घरात शौचालय नाही, मलवाहिनी कोठून जवळ पडेल, हे दाखवून घरोघरी शौचालये बांधण्याचे काम पुणे व सांगलीसारख्या शहरांत केले. जी वस्ती नकाशावर कोरी जागा होती, तिला तेथे आकार मिळाला. आकार मिळाल्यावर तिच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड झाले.

दोन अडचणी

तथापि या मार्गातील दोन अडचणी डोळ्यांआड करून चालणार नाही. पहिली अडचण साधी, पण चिवट आहे, आणि ती नावांची आहे. शिरूर तालुक्यात रांजणगाव गणपती आहे आणि रांजणगाव सांडसही आहे. बुद्रुक आणि खुर्द यांची गल्लत तर नित्याची आहे. इंग्रजीत एकाच वढूची स्पेलिंगे तीन तऱ्हांनी केली जातात. एका खात्याच्या यादीतील गाव दुसऱ्या खात्याच्या यादीत सापडत नाही, मग दोन्ही आकडे एका नकाशावर येणार कसे? प्रत्येक गावाला जनगणनेचा संकेतांक असतो. सर्व खात्यांनी तो आणि देवनागरीतील नाव आपल्या प्रत्येक तक्त्यात घातले, तर निम्मे काम खर्चाशिवाय होईल. कोप्यांना आणि भाड्याच्या खोल्यांना मात्र संकेतांकच नसतो. त्यांची जागा नकाशावर पायी फिरूनच नोंदवावी लागेल.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. वाडीत क्षयरोगाचा एकच रुग्ण असेल, तर नकाशावरील ठिपका म्हणजे त्याच्या दारावर लावलेली पाटीच होय. एड्सबाबत, किंवा अविवाहित मातेबाबत, असा ठिपका एखाद्याचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकेल. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण गावातील कुजबुज कायद्याला जुमानत नाही. म्हणून सीमारेषा स्पष्ट असली पाहिजे. विहीर, जलशुद्धीकरण केंद्र, दवाखाना, अंगणवाडी, रुग्णवाहिकेचा थांबा यांना ठिपका द्यावा. आजाराला कधीही देऊ नये. आजार फक्त गावाच्या किंवा गावसमूहाच्या छटेत दाखवावा, आणि संख्या अगदी लहान असेल तर तीही झाकावी. मात्र गुप्ततेच्या नावाखाली सर्वच माहिती कुलपात ठेवणे हाही दंभच ठरेल. कोणत्या गावाच्या पाण्याचा नमुना दूषित आला, हे गुपित असू शकत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अशी माहिती मागण्यापूर्वीच जाहीर करण्याचे बंधन कार्यालयांवर घातलेले आहे.

आरंभ मोठ्या योजनेने करण्याची गरज नाही. दौंड आणि शिरूरच्या तालुका आरोग्य कार्यालयांनी पाण्याचे नमुने, लसीकरण आणि तापाचे रुग्ण एवढ्या तीनच बाबी गावनिहाय, मराठीत, दरमहा जाहीर केल्या, तरी स्वयंसेवी संस्थांना त्या नकाशावर घेता येतील. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपल्या गावच्या विहिरी, कोप्या आणि खोल्यांच्या रांगा नोंदवल्या, शिक्षकांनी गावांची नावे तपासली, तर कोऱ्या जागा भरत जातील. तयार झालेला नकाशा ग्रामसभेत आशा कार्यकर्तीसमोर ठेवावा आणि चुकले कोठे ते तिला विचारावे. वर्षानुवर्षे दारोदार फिरून जिने आकडे वर पाठवले, तिला ते पहिल्यांदाच परत मिळतील, आणि पुढची साथ कोणत्या विहिरीपाशी सुरू होऊ शकेल, हे ती कदाचित सर्वांच्या आधी सांगेल.