चाक फिरो न फिरो, इंजिन झिजतंच



गळीत हंगाम जवळ आला की आपण तोडीचा, टोळीचा, उचलीचा हिशोब मांडतो. ऊस ज्या चाकांवरून काट्यावर येतो, त्या चाकांचा हिशोब मात्र राहून जातो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आम्ही शेतकी खात्याची माणसं सतत सांगत असतो. पण ट्रॅक्टर दोन दिवस गॅरेजला लागला तर फडातला तुटलेला ऊस वाळतो, वजन घटतं, उतारा पडतो आणि मजूर हात बांधून बसतात. हे नुकसान गॅरेजच्या बिलात कुठंच दिसत नाही.

ऑईल कधी बदललं असं एखाद्या वाहनमालकाला विचारा. उत्तर ठरलेलं असतं, "हंगाम सुरू होताना." पुन्हा कधी? "हंगाम संपल्यावर." आता जरा गणित करू. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुस्तकात इंजिन ऑईल २५० तासांनी बदला असं लिहिलेलं असतं. काही नव्या मॉडेलांना मुदत जास्त असते. शेतकामात हे २५० तास भरायला महिनेच्या महिने जातात. ऊस वाहतुकीत ट्रॅक्टर दिवसाला १४ तास चालू राहिला, तर १८ दिवसांत २५२ तास होतात. हंगाम १२० दिवसांचा धरला तर १,६८० तास. म्हणजे ऑईल निदान सहा वेळा बदलायला हवं, आणि आपण बदलतो एकदा!

यावर कोणी म्हणेल, "साहेब, १४ तास कुठं धावतो? निम्मा वेळ तर यार्डात नंबर लावून उभा असतो." खरं आहे, पण इंजिन चालू ठेवूनच ना? इथंच फसगत होते. उभ्या गाडीचं इंजिन नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, नोझलवर काजळी बसते आणि न जळलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरून ते पातळ होतं. त्यात जुन्या यांत्रिक तासमीटरचे आकडे इंजिनाच्या फेऱ्यांवर सरकतात. इंजिन मंद चाललं तर घड्याळाच्या एका तासाला मीटरचा तास पुरा होत नाही. म्हणून अशा ट्रॅक्टरमालकाने मीटरसोबत घड्याळावरही विश्वास ठेवावा.

उभ्या झिजेचं उत्तम उदाहरण म्हणजे पोलिसांची गाडी. आपल्याकडे झरी जामणी तालुक्यात मुकुटबन आणि पाटण ही ठाणी आहेत. अशा ठाण्याच्या गाडीचं काम डोळ्यांपुढे आणा. बंदोबस्ताला तासन्‌तास उभं राहायचं, रात्रीची गस्त हळू घालायची आणि निरोप आला की थंड इंजिनावर एकदम सुटायचं. किलोमीटर थोडे, काम मात्र दुप्पट. म्हणूनच अमेरिकेत फोर्ड कंपनी आपल्या पोलीस गाड्यांसाठी उभ्या इंजिनाचा एक तास म्हणजे सुमारे ५३ किलोमीटरची धाव धरते. तो आकडा त्यांच्या मोटारीचा आहे, आपल्या ट्रॅक्टरला जसाच्या तसा लावू नये. पण तत्त्व तेच.

डिझेलचंही पाहा. उभा ट्रॅक्टर तासाला लिटरभर पितो असं धरलं, तर रोजच्या चार तासांचे १२० दिवसांत ४८० लिटर होतात. ड्रायव्हर इंजिन बंद का करत नाही, हेही समजून घ्या. बॅटरी उतरलेली असते, सेल्फ दमलेला असतो. बंद केलं तर पुन्हा चालू होईल याचा त्याला भरवसा नसतो. तेव्हा ड्रायव्हरवर ओरडू नका, आधी बॅटरी बदला.

देखभालीची शिस्त शिकायची तर एस.टी.कडून. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून गावोगावच्या रस्त्यांवर ती टिकली, यात आगाराच्या शिस्तीचा मोठा वाटा आहे. गाडी आगारात आली की धुणं, डिझेल भरणं, तपासणी. ड्रायव्हरने सांगितलेला दोष वर्कशॉपकडे. मोठं काम असेल तर विदर्भासाठी नागपूरजवळ हिंगण्याची मध्यवर्ती कार्यशाळा. यातलं कुठलंच काम आठवणीवर सोडलेलं नसतं. ते ठरलेलं असतं.

आपल्या दारात कार्यशाळा नाही, पण सकाळची दहा मिनिटं तर आहेत! इंजिन थंड असताना ऑईल आणि रेडिएटरचं पाणी पाहा. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडा. रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं पाचट काढा. इंजिन तापण्याचं ते मोठं कारण. मुकुटबनकडच्या रस्त्यांवर कोळशाच्या आणि सिमेंटच्या ट्रकांची धूळ असते, फडात मातीची असते. म्हणून ऑईल-बाथ एअर क्लीनरची वाटी रोज उघडून पाहा. कोरडा फिल्टर जमिनीवर आपटू नका. कागद फाटला की धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. शेवटी ट्रॉलीच्या चाकांचे नट पान्याने आवळा आणि हवा तपासा.

आता सर्वांत महत्त्वाचं. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळताना ते उपयोगी पडतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिट्टीने जोडलेलेच हवेत. नाहीतर भरल्या ट्रॉलीसह एकाच बाजूचा ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर उलटतो. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. जोडखिळीला लॉकपिन आणि साखळी हवीच. क्षमतेपेक्षा जास्त ऊस भरू नका. २०१९ च्या कायदादुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड ठेवला आहे. पण दंडापेक्षा ब्रेक न लागण्याची भीती मोठी आहे.

ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि दिवा लावा, आणि रोज संध्याकाळी त्यावरची धूळ पुसा. अंधारात उभी असलेली काळी ट्रॉली दुचाकीवाल्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. तो दुचाकीवाला बहुधा आपल्याच गावचा असतो.

तेव्हा मोळी पडण्याआधी एवढं करा. एक वही दोरीने ट्रॅक्टरला बांधा. तारीख, मीटरचे तास, उभे तास, ऑईलची तारीख आणि ड्रायव्हरची तक्रार, असे पाचच रकाने आखा. आम्ही जमिनीला माती परीक्षणाचा कागद मागतो, तशी ट्रॅक्टरची ही वही आपण स्वतःकडेच मागा. हंगामाच्या शेवटी ती उघडून पाहाल तेव्हा पैसा कुठं गेला आणि कुठं वाचला, हे तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही.

— ऊस विकास अधिकारी