खरूज : वयोपरत्वे बदलणारे रूप

खरजेची शंका आली की डॉक्टर प्रथम रुग्णाचे हात पाहतात. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या आणि रात्री वाढणारी खाज एवढ्या खुणांवर निदान बहुधा करता येते. मात्र तान्हे मूल आणि जराजर्जर वृद्ध यांच्या बाबतीत हीच सवय फसवी ठरते.

हा रोग ‘सार्कोप्टिस स्केबिआय’ या माइटमुळे होतो. लोक त्याला किडा म्हणत असले, तरी तो कीटक नव्हे; कोळी व गोचीड यांच्या वर्गातील तो आठ पायांचा जीव होय. सुमारे ०.४ मिलिमीटर लांबीची मादी त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात बोगदा खणते आणि रोज दोन-तीन अंडी घालीत महिना-दीड महिना जगते. खाज सुटते ती माइट, तिची अंडी व विष्ठा यांविरुद्ध शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेमुळे. म्हणूनच पहिल्या लागणीनंतर खाज सुरू होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पूर्वी खरूज होऊन गेलेल्यास ती एक ते चार दिवसांतच जाणवते. मधल्या काळात निरोगी दिसणारा माणूस नकळत रोग पसरवीत असतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये केनेथ मेलॅन्बी यांनी ८८६ रुग्णांच्या अंगावरील माद्या मोजल्या. सरासरी प्रत्येकी अकराच माद्या आढळल्या आणि त्यांतील सुमारे ६३ टक्के हात व मनगट यांवर होत्या. हे रुग्ण सैनिक, म्हणजे तरुण पुरुष होते, ही गोष्ट विसरता कामा नये. प्रौढांत कोपर, काख, कंबर, स्त्रियांत स्तनाग्रांभोवतीची व पुरुषांत जननेंद्रियाची त्वचा यांवरही पुरळ उठते. चेहरा व डोके मात्र बहुधा सुटतात.

तान्ह्या मुलात असा कोणताच भाग सुटत नाही. टाळू, चेहरा, तळहात आणि विशेषतः तळपाय यांवर पाण्याचे वा पुवाचे फोड येतात. काखेत तांबूस गाठी उठतात व त्या उपचारानंतरही कित्येक आठवडे टिकतात. मुलाला नीट खाजविता येत नाही. ते किरकिर करते, झोपत नाही, दूध पीत नाही. घरचे लोक त्याला इसब समजतात आणि एखादे स्टेरॉइड मलम लावतात. लाली ओसरते, खुणा पुसट होतात आणि माइट निर्धास्त वाढते. अशा वेळी मुलाला कुशीत घेणाऱ्या आईचे मनगट पाहिले, तर उलगडा होण्याचा संभव अधिक.

शाळकरी वयात खाजविण्यास नखे समर्थ असतात, आणि खरा धोका तेथेच आहे. ओरखड्यांतून स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरतात, जखमा चिघळतात आणि काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडांचा दाह होतो. खरूज झालेल्या मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी लालसर झाली, तर ते दुर्लक्षिण्याजोगे लक्षण नव्हे.

वृद्धांत शरीराची प्रतिक्रिया मंदावते. पुरळ थोडे, तेही पाठीवर. खाज असली तर ती कोरड्या कातडीची म्हणून सोडून दिली जाते. अतिशय अशक्त वा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तीच्या त्वचेवर जाड खपल्या धरतात. हा प्रकार १८४८ साली नॉर्वेमध्ये डॅनिएल्सन व बॉक यांनी कुष्ठरुग्णांत वर्णिला. येथे माइट अकरा नव्हे, हजारो, कधी लाखोंच्या संख्येने असतात, आणि तरी खाज क्वचित नाममात्रच असते. गळून पडलेल्या खपल्यांतूनही लागण होते. सुना-नातवंडे खाजवू लागतात, औषध लावतात, बरी होतात आणि पुन्हा खाजवू लागतात. रोगाचे मूळ मात्र कोपऱ्यातील खाटेवर निजलेले असते.

तेव्हा खाज असो वा नसो, घरातील सर्वांनी एकाच दिवशी उपचार घ्यावयाचे असतात. पाच टक्के पर्मेथ्रिनचे मलम गळ्यापासून खाली लावतात; तान्ह्या मुलांना व वृद्धांना ते डोळे व तोंड वगळून डोक्यासही लावावे लागते. दोन महिन्यांखालील बालकांसाठी गंधकाचे मलम वापरतात. पोटात घ्यावयाचे आयव्हरमेक्टिन पंधरा किलोंहून कमी वजनाच्या मुलांस व गर्भवतीस सहसा देत नाहीत. आठवड्याने मलम पुन्हा लावतात. माइट मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते; तेवढ्यासाठी रोज मलम चोळीत राहिल्यास त्वचाच भाजून निघते.