उमरगा ते जेद्दा : दोन सिमची तीस वर्षं

मुडबी हे कर्नाटकात बसवकल्याण तालुक्यातलं होबळीचं, म्हणजे महसुली मंडळाचं, गाव. इथे बिदर जिल्हा संपत येतो आणि कमलापूरच्या अंगाने कलबुर्गी जिल्हा सुरू होतो. कचेरीत कन्नड, बाजारात कन्नड, दखनी आणि मराठीची सरमिसळ, आणि मराठी घरांच्या सोयरिकी हद्दीपलीकडे महाराष्ट्रात उमरगा, निलंगा, उदगीर करत थेट लातूरपर्यंत. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यं नव्याने आखली गेली, तेव्हा निजामाच्या काळातल्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद आणि बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. लेकीचं सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्यात, असं तेव्हापासून चालत आलं. एसटीने किंवा मोटारसायकलने जाणाऱ्याला ही हद्द फारशी जाणवत नसे. चाळीस वर्षांनी ती मोबाइलमध्ये उगवली, आणि तिथे मात्र तिचे मिनिटामागे पैसे लागू लागले.

परदेशी निघालेल्या माणसाला आज सगळे विचारतात, तिकडे नेटसाठी कोणतं सिम घेणार? आपलंच रोमिंगवर न्यायचं, तिकडचं घ्यायचं, की ई-सिम? सीमाभागातल्या लोकांनी हा हिशेब उमरग्याच्या वाटेवरच करून पाहिला होता. विमानात बसण्याआधी कितीतरी वर्षं.

सिमकार्ड जन्मलं १९९१मध्ये. म्युनिकच्या गिजेके अँड डेव्ह्रियंट कंपनीने ते फिनलंडच्या रेडिओलिंजासाठी बनवलं. पुढच्याच वर्षी टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पहिला करार झाला. म्हणजे एका देशाचं सिम दुसऱ्या देशात चालवणं ही सोय सिमच्या जवळपास बरोबरीनेच आली. भारतात ३१ जुलै १९९५ला कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. पण भारताने मोबाइलसाठी देश एकसंध ठेवला नाही, त्याचे सर्कल पाडले. कर्नाटक एक सर्कल, मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोवा दुसरं, आंध्र प्रदेश तिसरं. प्रत्येकाचा परवाना वेगळा आणि सुरुवातीच्या कंपन्याही वेगळ्या. कर्नाटकात जेटी मोबाइल्स आणि स्पाइस, महाराष्ट्रात बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल. तेलंगण २०१४मध्ये वेगळं राज्य झालं, तरी दूरसंचारच्या नकाशात ते आजही आंध्र सर्कलमध्येच आहे.

त्या वेळच्या दरात खेड्याला मोबाइल परवडणारच नव्हता. बाहेर कॉल लावायला मिनिटाला १६ रुपयांपर्यंत, आणि आलेला कॉल घ्यायलाही पैसे. मुडबीच्या पट्ट्याचं काम एसटीडी बूथवर चाले. बसवकल्याणचा कोड ०८४८१, कलबुर्गीचा ०८४७२, उमरग्याचा ०२४७५. ऑक्टोबर २००२मध्ये बीएसएनएलने मोबाइल सेवा सुरू केली, डिसेंबरात रिलायन्स आली, आणि १ मे २००३पासून आलेला कॉल फुकट झाला. गावात मोबाइल शिरला तो या तीन गोष्टींनंतर.

फुकट झाला, पण आपल्या सर्कलमध्ये. कर्नाटकाचं सिम खिशात घालून बसवकल्याण ओलांडून उमरग्याला गेलं की पडद्यावर दुसऱ्याच नेटवर्कचं नाव येई आणि रोमिंग सुरू होई. यामागचा हिशेब नीट कळला, की परदेशी रोमिंगचंही अर्धं गणित सुटतं. कॉल करणाऱ्याला समोरचा कुठे आहे हे माहीत नसतं. तो कर्नाटकातल्या नंबरला लावतो आणि तेवढेच पैसे भरतो. कर्नाटकातून पुढे उमरग्यापर्यंत तो कॉल नेण्याचा खर्च मग उचलणाऱ्याच्या माथी. शिवाय पाहुण्या कंपनीच्या टॉवरचं भाडं असतंच, आणि तेही घरची कंपनी ग्राहकाकडूनच काढते. म्हणून लग्नघरी आलेला पाहुणा फोन वाजला की कापायचा आणि बूथ शोधायचा. मिस्ड कॉलचीही सांकेतिक भाषा ठरलेली असे: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तिकडून लाव.

त्यावर लोकांनीच उपाय काढला. दोन सिम. एक कर्नाटकाचं आणि एक महाराष्ट्राचं, बहुतेक वेळा तिकडच्या पाहुण्याच्या पत्त्यावर घेतलेलं. सुरुवातीला बॅटरी काढून बसमध्येच सिम बदललं जाई. २००८ ते १०च्या सुमारास मायक्रोमॅक्स, कार्बन, स्पाइसचे स्वस्त दोन-सिमचे हँडसेट आले आणि सीमाभागात ते हातोहात खपले. महागडे फोन तेव्हा एकाच सिमचे असत. दोन सिमची गरज आधी ओळखली ती हद्दीवरच्या माणसाने, आणि ते श्रेय त्याला मिळायला हवं.

रोमिंगचे दर आपोआप खाली आले नाहीत. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २००७मध्ये कमाल मर्यादा घातली: रोमिंगवर आलेल्या कॉलला मिनिटाला १ रुपया ७५ पैसे, स्थानिक कॉलला १ रुपया ४० पैसे, एसटीडीला २ रुपये ४० पैसे. जुलै २०१३मध्ये आलेल्या कॉलचा दर ७५ पैशांवर आला, मे २०१५मध्ये ४५वर. १५ जून २०१५ला बीएसएनएलने देशभर रोमिंगवर येणारे कॉल फुकट केले. ३ जुलै २०१५पासून सर्कल बदलूनही तोच नंबर ठेवता येऊ लागला, आणि पुण्यात नोकरीला लागलेल्या पोराला कर्नाटकाचा नंबर सोडावा लागेना. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं ते देशांतर्गत रोमिंग शून्य करूनच. १ एप्रिल २०१७पासून एअरटेलनेही ते काढून टाकलं. उमरग्याची हद्द फोनमधून पुसली गेली. त्यासाठी बावीस वर्षं लागली, आणि त्यात नियामकाचा वाटा कंपन्यांच्या स्पर्धेइतकाच मोठा आहे.

त्याच वर्षी, १५ जून २०१७ला, युरोपीय संघाने आपल्या देशांमधलं रोमिंग शुल्क रद्द केलं. सार्क देशांमध्ये असं काही घडलं नाही. आपल्याच देशात एक कोपरा मात्र अजून राहिला. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड सिम चालत नाही, फक्त पोस्टपेड चालतं. अमरनाथला निघालेल्या भाविकाला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं, नाहीतर तळावर पोचेपर्यंत घरचे काळजीत पडतात.

आखाताची वाट वेगळी होती. तिकडे कामाला गेलेला माणूस पूर्वी भारताचं सिम नेतच नसे, कारण नेऊन उपयोग नसे. आंतरराष्ट्रीय रोमिंग मिळे ते मुख्यतः पोस्टपेडवाल्यांना, तेही अनामत भरून. मजूर तिकडे उतरला की स्थानिक प्रीपेड घ्यायचा. सौदीत एसटीसीचं ‘सवा’, दुबईत एतिसलातचं ‘वासल’. २००५मध्ये सौदीत मोबाइली आली, २००८मध्ये झैन, आणि दर थोडे सैल झाले. घरी बोलायला खरवडायचं कॉलिंग कार्ड. आठवड्याच्या सुट्टीला रांग लावायची आणि दहा मिनिटांत आठवड्याची खुशाली आटपायची. गावाकडचा नंबर तोवर बंद पडून दुसऱ्या कुणाला गेलेला असे, आणि त्याचं फारसं कुणाला वाटतही नसे.

दोन बदलांनी ते चित्र पालटलं. पहिला स्मार्टफोनचा. व्हॉट्सअ‍ॅप, इमो आले आणि आयएसडीचा दर बिनमहत्त्वाचा झाला. राहायच्या खोलीत वायफाय आहे का, एवढंच विचारलं जाऊ लागलं. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे चॅट चालतात, पण कॉल अडवलेले असतात, म्हणून तिथे बोटिमसारखं परवानगी असलेलं अ‍ॅप वापरावं लागतं. सौदीने सप्टेंबर २०१७मध्ये इंटरनेट कॉलवरची बंदी सैल केली.

दुसरा बदल जास्त खोल होता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९पासून ऑनलाइन कार्डव्यवहारांना दुसरी खातरजमा सक्तीची केली आणि पुढे ती मुख्यतः ओटीपीच्या रूपाने स्थिरावली. मग आधार, प्राप्तिकर, गॅसची नोंदणी, पेन्शन, सगळंच त्या एका नंबराला जोडलं गेलं. ज्या सिमला २००५मध्ये फारशी किंमत नव्हती, ते २०१५नंतर घराच्या चावीइतकं जपावं लागू लागलं. जेद्द्यात बसलेल्या माणसाने गावच्या बँकेतून पैसे हलवायचे तर संदेश येणार बसवकल्याणात घेतलेल्या सिमवर.

इथे सिमच्या तुलनेचे रूढ तक्ते कमी पडतात. ते एका जीबीला किती रुपये एवढंच मोजतात. प्रवासी कोण आहे, किती दिवसांसाठी चालला आहे आणि मागे त्याचं काय काय त्या नंबरावर अडकलं आहे, हे आधी पाहायला हवं.

घरचं सिम रोमिंगवर न्यायचा पर्याय एके काळी भीतिदायक होता. पॅक न घेता डेटा सुरू राहिला तर एका एमबीला शेकडो रुपये लागत. फोन खिशात असताना अ‍ॅप आपोआप अपडेट होत आणि परतल्यावर हजारोंचं बिल येई. व्होडाफोनने २०१७मध्ये २८ दिवसांचा पॅक दिवसाला सुमारे १८० रुपयांत आणला, ती त्या काळात मोठी घसरण होती. मे २०२०मध्ये ट्रायने आंतरराष्ट्रीय रोमिंगवर चर्चापत्र काढलं आणि त्यात या अवाढव्य बिलांचा प्रश्न ऐरणीवर आणला. एप्रिल २०२४मध्ये एअरटेलने १८४ देशांसाठी दिवसाला १३३ रुपयांपासूनचे पॅक आणले. आठवडाभराच्या सहलीला आता हे अगदी परवडतं. वर एक फायदा, जो जाहिरातीत नसतो: रोमिंगवरचा डेटा सहसा आधी घरच्या कंपनीच्या जाळ्यात येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. त्यामुळे वेग थोडा मंदावतो, पण दुबईत अडवलेला व्हॉट्सअ‍ॅप कॉल भारतीय सिमवर बरेचदा लागतो आणि चीनमध्ये गूगलही उघडतं.

स्थानिक सिम महिन्याभराच्या वर राहणाऱ्यासाठी अजूनही सर्वांत स्वस्त. थायलंडच्या विमानतळांवर पर्यटकांसाठी २९९ बातचं आठवड्याभराचं सिम वर्षानुवर्षं विकलं गेलं. सौदीत मात्र २०१६पासून सिमसाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. बिदर-कलबुर्गीकडचे हज यात्रेकरू बहुतेक हैदराबादहून निघतात, तेव्हा वयस्कर माणसांना हे आधीच समजावून ठेवलेलं बरं. मधल्या काळात मॅट्रिक्ससारख्या कंपन्या परदेशी सिम भारतातच विकत. उतरल्या उतरल्या फोन चालू, ही त्यांची जमेची बाजू. पण रोमिंग पॅक स्वस्त झाले तसं त्यांचं महत्त्व ओसरलं.

आणि ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम. २०१६मध्ये मानक ठरलं, २०१८च्या आयफोन एक्सएसमुळे ते सर्वदूर गेलं, २०२२मध्ये अमेरिकेतल्या आयफोन १४मधून सिमची खाचच गायब झाली. एअरालोसारख्या कंपन्या क्यूआर कोडवर दोनशेच्या आसपास देशांचा डेटा विकतात. सोय निर्विवाद आहे. मात्र ही प्रवासी ई-सिम बहुतेक नुसत्या डेटाची असतात, त्यांना नंबर नसतो. आणि आखातात बांधकामावर जाणाऱ्या पोराच्या दहा हजारांच्या फोनमध्ये ई-सिम सहसा चालतच नाही. शहरी पर्यटकासाठी लिहिलेला सल्ला त्याला जसाच्या तसा देणं अन्यायाचं आहे.

त्याच्यासाठी उत्तर तेच, जे उमरग्याच्या वाटेवर सापडलं होतं. पहिल्या खाचेत भारताचं सिम, निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घेतलेलं, पण त्यावरचा डेटा बंद आणि कॉल उचलायचे नाहीत. येणाऱ्या एसएमएसला भारतीय कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत, त्यामुळे ओटीपी येत राहतो. दुसऱ्या खाचेत तिकडचं सिम, नेट आणि बोलण्यासाठी. निघण्यापूर्वी फोनमधले सगळे नंबर +९१ लावून जतन करायचे, म्हणजे परक्या नेटवर्कवरूनही ते लागतात. सिम हरवलं तर मात्र कठीण. डुप्लिकेटसाठी सहसा भारतातच यावं लागतं.

उरते ती सिम जिवंत ठेवण्याची कटकट. २०१३च्या ट्राय नियमानुसार प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसेल तर बंद होऊ शकतो. खात्यात २० रुपये असतील तर वाचतो. पण २०१८च्या अखेरीस कंपन्यांनी ३५ रुपयांच्या किमान रिचार्जची अट घातली आणि ती पुढे वाढतच गेली. जुलै २०२४मध्ये एअरटेलचा २८ दिवसांचा किमान पॅक १७९वरून १९९ रुपयांवर गेला. परदेशात दुसऱ्या सिमवर जगणाऱ्याला त्यातला डेटा काय कामाचा? घरचा भाऊ किंवा बाप महिन्याच्या महिन्याला तो भरत राहतो, नंबर जाऊ नये म्हणून.

या बाबतीत अलीकडे दोन पावलं पुढे पडली आहेत. जानेवारी २०२३मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने सौदी, अमिरात, ओमान, कतारसह दहा देशांच्या मोबाइल नंबरांवरून अनिवासी भारतीयांना त्यांच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यावर यूपीआय वापरायची मुभा दिली. आणि २३ डिसेंबर २०२४च्या दुरुस्तीने ट्रायने कंपन्यांना डेटाशिवायचे, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं, विशेष व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेली. जानेवारी २०२५मध्ये तसे पॅक बाजारात आले. त्यांच्या किमती चढ्याच होत्या, आणि आखातात राबणाऱ्याला फक्त एसएमएस घेण्यापुरता, वर्षाला थोडक्या पैशांत नंबर टिकवणारा पॅक त्यांतही नव्हता. २००७पासून उमरग्याचं रोमिंग ज्या चिकाटीने खाली आणलं गेलं, तीच चिकाटी ट्रायने इथेही दाखवायला हवी.