मोर्चाला हजारो, छपराकडे कोण पाहणार?

२५ जून २०१६ च्या पहाटे दादरच्या आंबेडकर भवनावर आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसवर बुलडोझर फिरला. समाज पेटून उठला, मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. पाडणाऱ्यांच्या समर्थनात सांगितले गेले, की इमारत जीर्ण आणि धोकादायक झाली होती. त्या वादाचा निवाडा आम्हाला येथे करायचा नाही. बोलायचे आहे ते 'धोकादायक' या शब्दाविषयी.

महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस एका दिवसात येते, इमारत मात्र एका दिवसात धोकादायक होत नाही. कौल सरकतो, पन्हळ तुंबते, पाणी भिंतीत मुरते, तुळईचे टोक कुजते. पाच-दहा पावसाळे वर चढून कोणी पाहत नाही. मग नोटीस येते आणि आम्ही घोषणा द्यायला धावतो!

सरकार सांभाळील, या भ्रमात राहू नये. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारक कायदा किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूलाच प्राचीन मानतो. बाबासाहेबांनी बांधलेले राजगृह १९३० च्या दशकातले, औरंगाबादला सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय १९५० चे. वस्तीवस्तीतले, श्रमदानातून उभे राहिलेले विहार तर त्याहून अलीकडचे. शंभरी भरेपर्यंत भिंत उभी तर राहिली पाहिजे! महापालिकेच्या वारसा यादीत नाव आले तर पाडापाडीला अटकाव होतो, पण यादीने पन्हळ साफ होत नाही.

नेदरलँडमध्ये १९७३ पासून 'मोन्युमेंटेनवाख्त', म्हणजे वास्तूंचा पहारा, ही व्यवस्था आहे. जाणकार माणसे ठरावीक मुदतीने छपरावर चढतात, किरकोळ दुरुस्ती जागच्या जागी करतात आणि मालकाला लेखी अहवाल देतात. मोठी दुरुस्ती निघूच नये, हा हेतू.

आम्हाला हे परके वाटण्याचे कारण नाही. विनयपिटकात विहाराच्या बांधकाम-दुरुस्तीवर देखरेख ठेवणाऱ्या भिक्खूला 'नवकम्मिक' म्हटले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील उषवदाताचा शिलालेख सांगतो, की त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून भिक्खूंची चीवरे व इतर गरजा भागवायच्या. संघाची काळजी कष्टकऱ्यांच्या हाती सोपवलेली होती. तोच वारसा आज आम्ही का चालवू नये?

वकील म्हणून आमच्याकडे एका वस्तीतल्या विहाराची नोटीस आली होती. गेल्या दहा वर्षांत काय दुरुस्ती केली त्याचा एखादा कागद द्या, असे आम्ही कमिटीला म्हटले. जयंतीच्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे निघाले, दुरुस्तीची एक पावती निघाली नाही. आमची बाजू तेथेच लंगडी पडली.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. प्रत्येक विहाराने, प्रत्येक भवनाने वर्षातून दोनदा पाहणी करावी : एकदा मृगाआधी, एकदा वर्षावास संपल्यावर. गवंडी, सुतार, वायरमन आमच्याच वस्तीत आहेत, त्यांना कमिटीत मानाने बसवा. तडा दिसला की तारीख टाकून फोटो काढा, वहीत नोंद करा. पुढच्या पाहणीत तो वाढला का, ते कळेल. चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, ओल आत कोंडते. भिंतीत पिंपळ उगवला तर बोधिवृक्ष म्हणून हात आखडू नका. रोप कोवळे असतानाच मुळासकट काढा आणि मोकळ्या जमिनीत लावा. संरक्षित लेण्यांत मात्र स्वतः दुरुस्ती करू नका, नुकसान दिसताच पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.

उद्या नोटीस आलीच, तर ती वही न्यायालयात आमचा पहिला पुरावा असेल. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा छपरासाठी राखून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. बाबासाहेबांनी एकेक वास्तू कर्ज काढून, पै-पै जमवून उभी केली. ती आमच्या आळसाने पडली, तर दोष कोणाला देणार?

जयभीम!