मुदतपूर्व निवृत्ती, दुसरी नोकरी आणि निवृत्तिवेतन

आपल्या सभासदांमध्ये रेल्वे, टपाल खाते, महानगरपालिका आणि सैन्य यांत उभी उमेद घालविलेली अनेक मंडळी आहेत. त्यांच्यापैकी कोणी वीस-पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर नोकरी सोडून दुसरे काम धरले, की शेजारपाजारी एक वाक्य हमखास ऐकू येते: "यांचे काय, पेन्शनही खातात आणि पगारही!" या वाक्यात थोडे तथ्य आहे आणि बराचसा गैरसमज आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम नियम पाहू. केंद्र सरकारचे १९७२ चे निवृत्तिवेतन नियम (आता त्यांच्या जागी २०२१ चे नियम आले आहेत) आणि महाराष्ट्राचे १९८२ चे नियम, या दोहोंत २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. सैन्यातील जवानाला १५ वर्षांच्या सेवेवर निवृत्तिवेतन मिळते. म्हणजे तो पस्तीस-चाळिशीत, मुले शाळेत असतानाच घरी येतो. त्याने दुसरी नोकरी केली नाही तर करावे काय? त्याच्यासाठी काम करणे ही हौस नव्हे.

निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी आहे काय, या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात दिले. ती भीक किंवा बक्षिसी नाही, पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. हे एकदा मान्य केले, की कालच्या घामाचे पैसे आज दुसरीकडे घाम गाळतो म्हणून कापायचे, याला आधार उरत नाही.

तरीही कपात होत असे. निवृत्तिवेतनावर महागाईपोटी जी वाढ मिळते, ती सरकारी किंवा सरकारच्या मालकीच्या संस्थेत पुनर्नियुक्त झालेल्यांना नाकारली जाई. पतीच्या निधनानंतर अनुकंपा तत्त्वावर नोकरीस लागलेल्या विधवेच्या कुटुंब निवृत्तिवेतनावरही तोच नियम लागू होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वासुदेवन पिल्ले खटल्यात १९९४ च्या डिसेंबरमध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. पगारावर महागाई भत्ता मिळतच आहे, मग पुन्हा निवृत्तिवेतनावर कशाला, असा तो युक्तिवाद होता. वरवर पाहता तो पटतो. पण हीच व्यक्ती एखाद्या खाजगी कंपनीत लागली असती, तर तिची महागाई वाढ कोणी थांबविली नसती! भाववाढ दोघांच्याही घरी सारखीच येते. आमच्या मते नियमातील खरा अन्याय येथे होता. पाचव्या वेतन आयोगानंतर तो बराचसा दूर झाला. ज्यांचे संपूर्ण निवृत्तिवेतन वेतननिश्चितीत विचारात घेतले जात नाही आणि ज्यांना नव्या पदाचे किमान वेतन दिले जाते, त्यांना, तसेच नोकरी करणाऱ्या विधवांना, १८ जुलै १९९७ पासून ही वाढ मिळू लागली.

वेतननिश्चितीचे केंद्राचे आदेश १९८६ चे आहेत. वयाच्या ५५ वर्षांपूर्वी निवृत्त झालेला माणूस पुन्हा सरकारी सेवेत आला आणि तो पूर्वी अधिकारी दर्जाच्या खालचा जवान किंवा गट 'अ' च्या खालचा कर्मचारी असेल, तर त्याचे संपूर्ण निवृत्तिवेतन दुर्लक्षिले जाते. मात्र तो नव्या पदाच्या तळाशी, नवशिक्यासारखाच सुरुवात करतो. पूर्वी हवालदार म्हणून पन्नास माणसांना शिस्त लावणारा गृहस्थ कचेरीत कनिष्ठ लिपिक होतो. 'पगारही आणि पेन्शनही' म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. गट 'अ' अधिकाऱ्यांच्या बाबतीत सातव्या वेतन आयोगानंतर दरमहा १५,००० रुपयांपर्यंतचे निवृत्तिवेतन सोडून दिले जाते, उरलेले वेतनातून वजा होते. त्यांनी निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत व्यापारी आस्थापनेत नोकरी धरावयाची तर सरकारची परवानगी लागते. ते योग्यच आहे, कारण काल ज्या कंपनीच्या फाइलवर सही केली, त्याच कंपनीत उद्या खुर्ची मिळू नये.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पंचेचाळिसाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला जुन्या नियमांत दुसऱ्याच महिन्यापासून निवृत्तिवेतन सुरू होते, आणि वय कमी म्हणून त्यात काही कपात होत नाही. गिरणी-कारखान्यातील कामगाराचे पहा. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत त्याचे वय ५८ धरले आहे. नोकरी सुटल्यावर पन्नाशीनंतर लवकर पेन्शन मागितली, तर प्रत्येक अलीकडच्या वर्षामागे ४ टक्के घट होते. शेजारच्या दोन खोल्यांतील दोन श्रमिकांना दोन न्याय! कोणी टीका करावयाची तर ती या फरकावर करावी, निवृत्ताने काम केले यावर नव्हे.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सैन्यदले वगळता केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून आणि राज्याच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना वरील जुनी योजना सर्वसाधारणपणे लागू नाही. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून आणलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी खात्रीची रक्कम मूळ निवृत्तीच्या वयापासूनच सुरू होते. म्हणजे मधली दहा-पंधरा वर्षे दुसऱ्या कामावरच काढावी लागतील. वडिलांनी जे केले तेच आपणही करू, हा हिशेब तेथे जुळणार नाही.

जुन्या योजनेतील सभासदांसाठी एक उदाहरण देतो. शेवटचे मूळ वेतन ६०,००० रुपये असेल तर निवृत्तिवेतन ३०,००० होते. त्यातील ४० टक्क्यांचे अंशराशीकरण केल्यास एकरकमी पैसे हाती येतात, पण दरमहा १८,००० च उरतात, आणि कापलेले १२,००० पंधरा वर्षांनी परत सुरू होतात. महागाई वाढ मात्र पूर्ण ३०,००० वर मोजली जाते. मुलीचे लग्न किंवा घराचा हप्ता डोळ्यांसमोर असताना ही एकरकमी रक्कम मोठी भासते. म्हणून नोटीस देण्यापूर्वी सेवापुस्तक तपासून घ्यावे, बिनपगारी रजेचे दिवस वजा जाता २० वर्षे खरोखर भरतात का ते कार्यालयाकडून लेखी घ्यावे, आणि नवी नोकरी सरकारी असेल तर अर्जातच आपण निवृत्तिवेतनधारक असल्याचे नमूद करावे.